पुणे ते गणपतीपुळे बाईकवर, सोबत ३० मीटर पॅराकॉर्ड

डिसेंबरात मी आणि मामेभाऊ ताम्हिणीतून हरिहरेश्वरला उतरलो आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत गेलो, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा तीन ठिकाणी बाईक फेरीबोटीत घालून. रूटवर बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून मी दोरीवरच लिहितो, कारण पूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त तीच कामाला आली.

पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटची नायलॉन दोरी. आमची ५५० वाली होती, जाडी ४ मिमी, वजन जेमतेम २०० ग्रॅम आणि ताकद ५५० पौंड म्हणजे साधारण २५० किलो. पण हा आकडा नवीन, कोरड्या, बिनगाठीच्या दोरीचा आणि सावकाश येणाऱ्या ताणाचा आहे. गाठ मारली की ताकद बरीच कमी होते, कधी कधी निम्म्यावर येते, हे आधी डोक्यात पक्कं करा.

घेताना टोक उघडून बघा, आत ७ धागे आणि प्रत्येक धागा ३ पिळांचा असायला हवा. मी पहिल्यांदा घेतली त्यात नुसता कापसासारखा भरणा निघाला, परत केली.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला चढताना भावाच्या सँडलचा पट्टा तुटला. वीतभर दोरी कापली, आतला एक धागा ओढून काढला आणि दाभणाने पट्टा शिवून टाकला, ती सँडल अजून वापरात आहे. बाहेरची रिकामी नळी टाकू नका, ती नाडी म्हणून चालते.

गुहागरला सुरूच्या बनात ताडपत्री बांधली, संध्याकाळी एकदम ताठ होती आणि पहाटे बघतो तर मधे झोळ, दवाचं पाणी साचलेलं. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं, त्यामुळे झोपायच्या आधी एकदा परत ओढून घ्या आणि त्यासाठी सरकणारी गाठच ठेवा, निरगाठ मारली तर अंधारात सुटता सुटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी पुळणीत बाईक रुतली आणि भाऊ म्हणाला, "दादा, दोरी बांधून जीपने ओढूया का?" मी सरळ नाही म्हणालो. ही दोरी तुटायच्या आधी तिसऱ्या हिश्श्याएवढी ताणली जाते, मग तुटली की टोक चाबकासारखं मागे येतं, डोळा जाईल. मागच्या चाकाची थोडी हवा काढली, चाकाखाली नारळाच्या झावळ्या घातल्या आणि ढकलून बाहेर काढली. याच कारणासाठी हॅमॉकला आणि कडा उतरायलाही ही वापरू नका प्लीज, माणूस दणकन बसला की त्याच्या वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो.

सामान बांधताना सायलेन्सरपासून लांब ठेवा, नायलॉन वितळतं. कापलेलं टोक लायटरने बंद करा पण गरम थेंबाला बोट लावू नका, चिकटतो. पाण्यात ही बुडते, म्हणून फेरीत काही खाली पडायची भीती असेल तर तरंगणारी प्लास्टिकची दोरी वेगळी घ्या. उन्हानेही ती कमकुवत होते, त्यामुळे घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन खारेपणा काढा आणि सावलीत वाळवा.