वॉलब्रूकच्या तळघरातलं रोमन देऊळ

लंडनमध्ये मुलांकडे आलेल्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते: टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम, राजवाडा. त्यात एक फुकटची भर घाला. बँक आणि कॅनन स्ट्रीट या स्टेशनांच्या मधोमध, ब्लूमबर्ग कंपनीच्या युरोपातल्या मुख्य कचेरीखाली एक रोमन मंदिर आहे. नाव लंडन मिथ्रेअम, म्हणजे मिथ्रस या देवाचं देऊळ. आम्ही गेलो तेव्हा समोरच्या फुटपाथवरून माणसं दरवाज्याकडे न बघता भराभरा ऑफिसला निघाली होती. पत्ता 12, वॉलब्रूक. पाटी फार ठसठशीत नाही, त्यामुळे नकाशावर नजर ठेवा. बँक स्टेशन म्हणजे भुयारांचा चक्रव्यूह. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर कॅनन स्ट्रीटला उतरणं सोयीचं.

तिकीट नाही, पण वेळ आगाऊ नोंदवून गेलेलं बरं. सोमवारी बंद असतं. बाकी वेळा निघण्यापूर्वी संकेतस्थळावर बघून घ्या. लिफ्ट आहे.

आत शिरल्यावर बहुतेक जण थेट खाली जायला बघतात. तसं करू नका. तळमजल्यावरच्या काचेच्या भिंतीत सहाशेहून जास्त वस्तू मांडल्या आहेत, आणि माझ्या मते खरा खजिना तोच आहे. इथून पूर्वी वॉलब्रूक नावाचा ओढा वाहायचा. त्याच्या ओल्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून एरवी कुजून जाणारं चामडं आणि लाकूड टिकलं. 2010 नंतरच्या उत्खननात इथे 14 हजारांच्या आसपास वस्तू निघाल्या. चपला आहेत, भांडी आहेत, ग्लॅडिएटरच्या शिरस्त्राणाच्या आकाराचा, अंबर या गोठलेल्या डिंकाच्या खड्याचा चिमुकला ताईत आहे. तो शोधायला मुलांना लावा, तेवढा वेळ तुम्हाला मोकळा मिळतो.

मी मात्र खिळले ते लाकडी पाट्यांपाशी. या जागी अशा 405 पाट्या सापडल्या. पाटीच्या खोलगट भागात मेण भरायचं आणि टोकदार लोखंडी लेखणीने त्यावर लिहायचं, अशी रीत. मेण केव्हाच गेलं, पण लेखणी जोरात टेकली तिथे खालच्या लाकडावर ओरखडे राहिले. रॉजर टॉमलिन या अभ्यासकांनी ते ओरखडे वाचले. त्यातल्या एका पाटीवर तारीख आहे 8 जानेवारी, इ.स. 57. मजकूर काय, तर टिबुलस नावाचा मुक्त झालेला गुलाम कबूल करतो की विकत घेतलेल्या मालापोटी तो ग्रेटसचे 105 दिनार देणं लागतो. यानंतर तीन-चार वर्षांतच, बूडिका या स्थानिक टोळीच्या राणीने रोमनांविरुद्ध केलेल्या बंडात हे शहर जळून खाक झालं. त्या उधारीचं पुढे काय झालं असेल, हाच विचार माझ्या डोक्यात घोळत राहिला. आणि ही उधारीची चिठ्ठी निघाली कुठे, तर शेअरबाजाराची बित्तंबातमी विकणाऱ्या कंपनीच्या पायाखाली!

मधल्या मजल्यावर देवाची ओळख करून दिली आहे: गुहेत बैलाचा बळी देणारा मिथ्रस, आणि फक्त पुरुषांना प्रवेश असलेला त्याचा गुप्त पंथ. नाव वाचून आपल्यातलं कोणीतरी "हा तर आपला वेदातला मित्र देव" म्हणणारच. नावाचं मूळ एकच आहे हे खरं. पण बैल मारण्याचा तो प्रसंग ऋग्वेदात नाही, आणि रोमनांनी या देवाचं जे केलं ते बरंचसं त्यांचं स्वतःचं आहे. तेव्हा तिथे उभं राहून अभिमानाचं भाषण आवरतं घ्या.

मंदिर आजच्या रस्त्यापासून सुमारे 7 मीटर खाली आहे, कारण तेव्हाची जमीनच तिथे होती. ठरावीक अंतराने गट आत सोडतात. अंधार, धुकं, पावलांचे आवाज, लॅटिन मंत्र, मग हळूहळू प्रकाश येतो आणि धुक्यातून खांब उभे राहिल्यासारखे दिसतात. थोडा नाटकीपणा आहे, पण फसवाफसवी नाही. लहान मुलं किंवा अंधाराला घाबरणारं कोणी बरोबर असेल तर आधी कल्पना द्या. दिवे लागल्यावर रेंगाळा. दोन्ही बाजूंना सात-सात खांबांच्या जागा, टोकाला अर्धगोल गाभारा आणि कोपऱ्यात विहीर. इ.स. 240 च्या सुमाराचं हे बांधकाम आहे.

या दगडविटांनी आयुष्यात भरपूर स्थलांतर केलंय. 1954 मध्ये नव्या इमारतीच्या जागेवर उत्खनन करताना पुरातत्त्वज्ञ प्रोफेसर ग्राइम्स यांना मंदिर सापडलं. खोदकामाच्या अखेरीस मिथ्रसचं संगमरवरी डोकं निघालं, वर्तमानपत्रात फोटो आला आणि लंडनकरांनी रांगा लावल्या. सुमारे 4 लाख लोक येऊन गेले म्हणतात. चर्चिलच्या मंत्रिमंडळातसुद्धा विषय निघाला. शेवटी मंदिर सोडवून काढलं आणि 1962 मध्ये जवळच, उघड्यावर, चक्क सिमेंटमध्ये बसवलं. जमिनीवर वेड्यावाकड्या फरशाही घातल्या. ग्राइम्सना ते मुळीच आवडलं नाही, आणि जुने फोटो बघितल्यावर मलाही त्यांचंच पटतं. ब्लूमबर्गने जागा घेतल्यावर ते पुन्हा सुटं केलं. 2017 मध्ये चुना वापरून, 1954 च्या नोंदींप्रमाणे नव्याने रचलं आणि खुलं केलं. जागाही जवळजवळ मूळचीच, किंचित पश्चिमेला.

सगळं नीट बघायला दीड तास धरा. शनिवार-रविवारी या भागातली बरीच खाण्याची दुकानं बंद असतात, तर आठवड्यातल्या दुपारी ऑफिसवाल्यांची झुंबड उडते. डबा नेलात तर उत्तम. पाय दुखत नसतील तर तिथून चालत गिल्डहॉल गाठा. कलादालनाच्या तळघरात रोमन आखाड्याचे (अ‍ॅम्फिथिएटरचे) अवशेष आहेत, आणि बाहेरच्या चौकातल्या फरसबंदीवर काळ्या दगडांची वर्तुळाकार रेघ त्याची सीमा दाखवते. रोमन तटबंदी बघायची असेल तर टॉवर हिल स्टेशनातून बाहेर पडताच समोर एक उंच तुकडा आहे. त्याचा खालचा भाग रोमन आणि वरचा मध्ययुगीन, एवढं लक्षात ठेवून बघा.