मला फ्रीझ ड्रायर येतो

मुलाच्या सीरियलच्या खोक्यात तळाशी नेहमी स्ट्रॉबेरीच्या चकत्या उरतात. तो बाकीचं सगळं खातो, चकत्या ठेवतो. उरलंसुरलं संपवायचं काम घरात कुणाकडे असतं, ते सांगायला नकोच. परवा दुपारी चहाचं आधण ठेवता ठेवता एक चकती तोंडात टाकली. आधी नुसती कुरकुर. मग जिभेवर ती ओली होत गेली आणि बघता बघता चक्क स्ट्रॉबेरी झाली, आंबटपणासकट, बारक्या बियांसकट.

मला हे जरा संशयास्पदच वाटलं. आपल्याकडे वाळवलं की वस्तू बदलते. रातांब्याची आमसुलं होतात, कोळंबीचे सोडे होतात, आणि सोडे घातलेल्या वांग्याकडून कुणी ओल्या कोळंबीची अपेक्षा ठेवत नाही. वाळवून पुन्हा होती तशीच्या तशी परत मिळणार असेल, तर मग वाळवलं कशाला?

तर वाळवलं म्हणजे फ्रीझ ड्राय केलं, गोठवून वाळवलं. आम्ही राहतो अमेरिकेत, यूटा राज्यात आणि इथे ओळखीपाळखीत एकाच्या तरी गॅरेजमध्ये हे मशीन निघतंच. घरगुती फ्रीझ ड्रायर बनवणारी हार्वेस्ट राइट ही कंपनी सॉल्ट लेकच्या परिसरातली. त्यात इथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या कुटुंबांना साठवणीची जुनी शिस्त. एके काळी वर्षभराचं धान्य घरात असावं, असं चर्चच सांगत असे. शेजारच्या बाईंच्या तळघरात गव्हाच्या डब्यांच्या उतरंडी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी परदेशात आहे हेच विसरले. मे महिन्यात वर्षाचे गहू भरायचे, तांदळाला बोरिक पावडर चोळायची, हे सगळं मी केलेलं आहे. म्हणजे केलेलं म्हणजे, लुडबुड केलेली आहे.

मशीन घ्यावं असं मनात आलं. किंमत दोन-तीन हजार डॉलर. नवरा म्हणाला, घेऊन टाक, शिकशील हळूहळू. पण माझी एक खोड आहे. वस्तू घरात यायच्या आधी ती मला यायला लागते.

ही खोड बाबांची. बाबांनी बजाज चेतकला नंबर लावला होता. तेव्हा नंबर लावायचा आणि विसरून जायचं, वर्षानुवर्षं. बाबा विसरले नाहीत, शिकायला लागले. ऑफिसातल्या एका काकांचा नंबर लागला होता. रविवारी सकाळी काका शाळेच्या मैदानावर स्कूटर आणायचे, बाबा चालवायचे आणि मी कडेला चपला राखत बसायची. (बाबा शिकताना चपला काढून ठेवत. का, ते कधी कळलं नाही.) स्कूटर चालू झाली नाही की दोघं मिळून ती एका बाजूला पार आडवी कलती करायचे, मग उभी करून किक मारायचे. आठवडाभर घरी सराव. त्यासाठी लाटणं. डाव्या हातात लाटणं धरून बाबा मनगट फिरवायचे, ‘पहिला... न्यूट्रल... दुसरा... तिसरा’, आणि आई पोळपाटाशी वाट बघत बसलेली. “चौथा पडला की द्या हो इकडे,” असं म्हणायची.

पुढे एकदाचा नंबर लागला, त्याच सुमारास आत्याचं लग्न ठरलं. तेव्हा चेतकला ‘ऑन’ मिळायचा, म्हणजे किमतीच्या वर जादा पैसे. बाबांनी नंबर विकला आणि जन्मभर सायकलच चालवली. पण कुणी विचारलं तर ताठ मानेने सांगायचे, “मला स्कूटर येते.”

तर मी शेजारणीच्या गॅरेजमध्ये शिकायला जाऊ लागले. बाई ऐंशीच्या पुढच्या, हाताने चपळ आणि बोलायला एकदम तुटक. पहिला धडा असा, की सुरू करण्याआधी निचऱ्याचा व्हॉल्व्ह बंद आहे ना ते बघायचं. तो उघडा असेल तर पंप बिचारा रात्रभर नुसता हवा ओढत बसतो. दुसरा धडा पंपाच्या तेलाचा. तेल दुधाळ दिसलं की त्यात पाणी गेलं, मग ते गाळा नाहीतर बदला. पीचच्या फोडी ताटलीत एकीवर एक चढू द्यायच्या नाहीत, आणि ताटल्या आदल्या रात्रीच डीप फ्रीझरमध्ये घालायच्या, म्हणजे मशीनचे तेवढे तास वाचतात. तरी एक घाणा निघायला २४ ते ४० तास लागतात आणि तेवढा वेळ पंप गुरगुरत असतो. स्वयंपाकघरात ठेवायची ही वस्तू नव्हे, एवढं ज्ञान तर पाचच मिनिटांत झालं.

आत चालतं ते मात्र मला फार आवडतं. पंपाने हवा ओढून आतला दाब ६ मिलिबारच्या खाली गेला की पाण्याला पाणी म्हणून राहताच येत नाही. मग ताटल्या किंचित गरम केल्या तरी बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते आणि ती टाकीच्या थंडगार भिंतींवर पुन्हा बर्फ होऊन बसते. फोड आहे त्या आकारात राहते, फक्त आतून पोकळ. पेरू-बोलिव्हियाच्या पठारावर, चार हजार मीटरच्या आसपास, लोक फार पूर्वीपासून बटाट्याचं चुन्यो करत आले आहेत. रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचं. पंप नाही, तेल नाही.

खरी विद्या शेवटी आहे. स्क्रीन म्हणतो झालं, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. सगळ्यांत जाड फोड उचलायची, मधोमध मोडायची आणि मोडलेली बाजू वरच्या ओठाला लावायची. गार लागली तर आत अजून बर्फ आहे. मग ताटलीचं वजन करायचं, आणखी दोन तास लावायची, पुन्हा वजन. काटा हलला नाही की झालं. बाई ही फोड डोळे मिटून ओठाला लावतात. मला अजून डोळे उघडे ठेवावे लागतात.

आपलं खाणं या मशीनला फारसं मानवत नाही. तेल-तूप वाळत नाही, त्यामुळे तर्रीची उसळ बाद. ओलं खोबरं, दाण्याचं कूट, सगळं बाद. गुळाचा पाक चिकटच राहतो. वरणभात उत्तम होतो, पण वरणभात साठवून ठेवण्याइतकी वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. दही मात्र फार सुरेख वाळतं, आणि त्यातलं विरजण जिवंत राहतं. वाळलेल्या दह्याची चमचाभर भुकटी कोमट दुधात घातली तर सकाळी, जरा सावकाश का होईना, कवडी लागलेली. यातच धोकाही आला. विरजण मरत नाही तसे कच्च्या मांसातले जंतूही मरत नाहीत, नुसते पडून राहतात. कच्चं ते कच्चंच, हे बाईंनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय.

गेल्या आठवड्यात मशीनमध्ये मेथी वाळायला लावली. हिरवीगार निघाली, पान चिमटीत धरलं तर चुरा. मायलरच्या, म्हणजे चकचकीत जाड प्लॅस्टिकच्या, पिशवीत भरली, ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकली, सील केलं. बाईंनी मार्कर पुढे केला, तारीख घाल म्हणाल्या. आजची घातली. त्यांनी मान हलवली आणि त्याखाली स्वतःच पुढची तारीख घातली. वर्ष २५ ने पुढचं. एवढं टिकतं म्हणतात.

तोवर मुलगा माझ्या आजच्या वयाचा होईल. त्याला मेथी आवडत नाही. नवरा म्हणतो, तेव्हा आवडेल. मला नाही वाटत.