हवेच्या गादीसाठी तीन चकरा

बाबांले जबड्याचा कॅन्सर, खर्र्याचाच, म्हणजे तंबाखू-सुपारीचा. दिवाळीच्या आधी नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की आता शेक (रेडिएशन)-किमो काही नाही, घरी न्या, दुखू देऊ नका आणि पाठीला जखम होऊ देऊ नका. दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या त्याच दिवशी हातात मिळाल्या. ज्या गोळीसाठी 1985 चा नार्कोटिक्सचा कायदा आहे, 2014 मध्ये तो सैल केला तरी रजिस्टर, सही, सगळं लागतेच, ती गोळी मिळाली अन् पडून पडून पाठीला जखम होऊ नये म्हणून लागणाऱ्या, जिच्यात हवेशिवाय काहीच नाही त्या गादीसाठी मी तीन चकरा मारल्या.

कोणीतरी सांगितलं की सरकारी दवाखान्यात एअरबेड वापरायला फुकट देतात, काम झालं की परत करायचा. गेलो. कापूस वेचणीचे दिवस, एक चकर म्हणजे एक दिवस गेला. सकाळी 7 ची एसटी, ऑफिस 10 ला उघडते, स्टोअरवाले साहेब 12 ला येतात, दीडला जेवायला जातात. पहिल्या वेळी अर्ज, आधार, रेशनकार्डची झेरॉक्स, डॉक्टरची चिठ्ठी, सगळं दिलं, तर म्हणे चिठ्ठी आमच्या दवाखान्याची पाहिजे. दुसऱ्या वेळी तीही आणली. मग म्हणाले, "पेशंट आणा, पाहून देतो."

मी म्हटलं, "साहेब, त्यायले उठता आलं असतं त गादी कायले मांगतली असती?"

"नियम आहे भाऊ. मागच्या वेळी एकानं नेली अन् घरचेच झोपले तिच्यावर."

आता यावर माणूस काय बोलणार. घरी आलो, आशाताईले घेऊन आरोग्य केंद्रात गेलो, तिथल्या मॅडमनं लगेच लिहून दिलं की पेशंट अंथरुणाला खिळलेला आहे, हलवता येत नाही. तुम्ही असं पत्र पहिल्याच दिवशी घेऊन जा, बाकी कागद नंतर. तिसऱ्या वेळी पत्र चाललं, फाइल पूर्ण झाली, शिक्का बसला, आणि साहेब म्हणाले गादी सध्या शिल्लक नाही, मागणी पाठवली आहे, फोन करू. मी दोन मिनिटं तिथंच उभा होतो.

बस स्टँडवरून नागपूरच्या भाच्याले फोन लावला. सर्जिकलच्या दुकानातून 2,600 रुपयांत घेतली त्यानं, दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सवाल्याजवळ पाठवली. म्हणजे जे एका दिवसात होत होतं त्याले मी 17 दिवस लावले, कावून तर फुकट भेटते. पहिल्या चकरेच्या वेळी माकडहाडावर नुसता लाल डाग होता, तिसऱ्या चकरेपर्यंत कातडी गेली. साहेबांचा राग येतोच, पण रात्री कूस बदलवताना स्वतःचाच जास्त यायचा. तुमच्याजवळ पैशाची थोडीही सोय होत असेल तर आधी घ्या, अर्ज मागून चालू द्या.

गादी आली तर बाजेवर चालेना, झोळ पडते. शेजारून तख्तपोस, म्हणजे सपाट लाकडी पलंग, आणला. मग मायनं वरून गोधडी टाकली, प्लॅस्टिक टोचते म्हणून. तसं करू नका, जाड गोधडीनं गादीचा उपयोगच जातो, एक पातळ चादर पुरे. हवा बरोबर आहे का हे पाहायचं तर गादीच्या खालून, कमरेच्या जागी, तळहात घाला, हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. आणि गादी आहे म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही, हे मला वाटलं होतं सुटेल. लाइन गेली की गादीत हवा भरणारा पंप बंद, आम्ही दोन्ही नळ्या दुमडून रबरबँड लावायचो, थोडा वेळ निघायचा.

गावातला कंपाउंडर म्हणे लाल जागा स्पिरिट लावून चोळा. घरी येणाऱ्या सिस्टरनं साफ नाही म्हटलं, चोळल्यानं आतलं अजून दुखावते.

डायपर कमरेचं माप घेऊन घ्या, अंदाजानं आणलेलं पहिलं पाकीट वाया गेलं. दिवसा आम्ही जुन्या धोतराचे तुकडेच वापरले, डायपर फक्त रात्री. हो, मॉर्फिन सुरू झालं की पोट साफ व्हायचं औषध त्याच दिवसापासून मागून घ्या, आम्ही चार दिवस थांबलो, ते चार दिवस आठवावेसेही वाटत नाही. तोंडाच्या जखमेचा वास यायचा तर सिस्टरनं मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक करून लावायला सांगितली, दोन-तीन दिवसांत पाहुणे खोलीत बसू लागले. नाकातल्या नळीतून पेज दिली की मागून साधं पाणी सोडा, नाही तर नळी चोक होते.

बाबा पुढं अडीच महिने होते. पाठीची जखम वाढली नाही.

गादी धुवून, वाळवून ठेवली होती. एकदा उंदरानं नळी कुरतडली, ती सायकलच्या पंक्चरवाल्यानं जोडून दिली. सध्या ती बाजूच्या गावात एका आजीकडे आहे, त्याआधी अजून एका घरी होती. न्यायला आलेल्या पोराले मी एवढंच विचारलं, घरी तख्तपोस आहे का.