‘भागीदारी जाहीर’ झाली की मी काय वाचायचो: 1997 मधला माझा अनुभव

1997 मध्ये मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरीला होतो आणि पगारातून उरणारे पैसे एडीएसएल मोडेमच्या कंपन्यांत घालायचे असं मनात पक्कं होत चाललं होतं. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवर फोनही चालेल आणि इंटरनेटही वेगात मिळेल, ही गोष्ट मला मनापासून पटली होती. अडचण होती ती कंपनी निवडण्याची. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी जाहीर करायचं की अमुक चिप कंपनीशी आमची भागीदारी झाली, शेअर उसळायचा, आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर आमचा वाद रंगायचा.

तारेवरून डेटा कोणत्या पद्धतीने पाठवायचा यावर त्या वेळी दोन तट होते. एक एटी अँड टी पॅराडाइनकडून आलेल्या कॅप पद्धतीचा, दुसरा डीएमटीचा. डीएमटीत सुमारे 1.1 मेगाहर्ट्झचा पट्टा 256 बारीक भागांत वाटतात आणि ज्या भागात तार जेवढं पेलेल तेवढाच डेटा तिथे घालतात. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन चॉफी यांनी 1991 मध्ये याच तंत्रावर अमाटी कंपनी काढली. 1993 मधल्या चाचण्यांनंतर अमेरिकी मानकासाठी डीएमटीची निवडही झाली. मग डीएमटीवाल्यांचे शेअर घेऊन मोकळं व्हायला काय हरकत होती?

हरकत काय, ते आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांनी दाखवलं. टेलिफोन कंपनीत लाइनच्या कामात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. डीएमटीचा सिग्नल मधूनच उंच उसळी घेतो, म्हणून तारेवर सिग्नल ढकलणाऱ्या चिपला वीज जास्त लागते. कॅप त्या मानाने गार चालत होतं. “अरे, मानक कुणाचं ते नंतर बघ,” काका म्हणाले. “एक्स्चेंजमधल्या एका कपाटात अशी कार्डं दाटीनं बसवायची आहेत. ती तापली तर कंपनी ऑर्डर देईल का, ते विचार.” तेव्हापासून भागीदारीची बातमी आली की मी आधी बघायचो, या जोडीत तारेवर सिग्नल ढकलणारी ती ॲनालॉग चिप कोण करणार?

या कसोटीवर बोस्टनजवळच्या अवेअर आणि ॲनालॉग डिव्हायसेस यांची जोडी मला भक्कम वाटली. अवेअरकडे डीएमटीचं गणित होतं, तर दुसऱ्या कंपनीची ख्यातीच मुळात ॲनालॉग चिपसाठी होती. पण जोडी चांगली म्हणून अवेअरच्या भागधारकाच्या पदरात किती पडणार, हा प्रश्न वेगळाच.

त्यासाठी करार वाचायला हवा होता. अमेरिकेच्या शेअर बाजार आयोगाच्या एडगर या इंटरनेटवरच्या संग्रहात कंपन्यांची कागदपत्रं फुकट मिळू लागली होती. रात्री घरच्या डायल-अप मोडेमवर ती हळूहळू उतरवायची, ऑफिसात छापायची नाहीत असा माझा नेम होता, म्हणून पडद्यावरच वाचायची. करारांच्या जोडपत्रांत नेमक्या जागी आकड्यांऐवजी चांदण्या (***) असत. रॉयल्टीचा दर गोपनीय. पण चांदण्यांच्या आजूबाजूची वाक्यं उघडी असायची, आणि खरा माल तिथेच होता. परवान्याचे पैसे एकरकमी मिळणार की टप्प्याटप्प्याने? रॉयल्टी चिप विकल्यावर की बनवल्यावर? परवाना एकाच कंपनीला की इतरांनाही? पत्रकात ‘भागीदारी’ एवढंच असे. करारात ती कधी नुसती तंत्राची विक्री निघे, तर कधी दोघांनी मिळून केलेलं काम.

अमाटीचे शेअर माझ्याकडे होते ते याच वाचनामुळे. मोटोरोलासारख्या मोठ्या कंपनीने त्यांच्या तंत्राचा परवाना घेतला होता. टेबलावरच्या काहींना हा धोका वाटे, कारण परवाना घेणारा उद्या स्वतःची चिप घेऊन समोर उभा राहतो. मला उलट वाटत होतं. इतक्या मोठ्यांना ज्याच्या दारात यावं लागतं, त्याला कुणीतरी अख्खंच विकत घेईल.

शरद ऋतूत एडीएसएल मोडेम बनवणाऱ्या वेस्टेलने अमाटीशी विलीनीकरण ठरवलं, मोबदला वेस्टेलच्या शेअरमध्ये. नोव्हेंबरमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिप कंपनीने मध्ये उडी घेतली, शेअरमागे 20 डॉलर रोख, एकूण सुमारे 395 दशलक्ष डॉलर. त्यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत सी-सिक्स ही वेगवान डीएसपी, म्हणजे सिग्नलवर गणित करणाऱ्या चिपची, मालिका जाहीर केली होती. चिप होती, तिच्यावर चालवायला डीएमटीचं तंत्र आणि ते कोळून प्यालेली माणसं हवी होती. ब्रोकरने पाठवलेल्या शेअर विकण्याच्या अर्जावर मी सही केली, तेव्हा आनंदापेक्षा हळहळच जास्त होती, कारण मला ती कंपनी स्वतंत्र वाढलेली बघायची होती.

जानेवारी 1998 मध्ये कॉम्पॅक, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट टेलिफोन कंपन्यांसह एका स्वस्त, सोप्या एडीएसएलच्या मागे एकत्र आल्या. टेबलावर पुन्हा अवेअरचं नाव गाजू लागलं. अमाटीच्या पैशातून मी तिचे थोडे शेअर घेतले. हिशेबपत्रकात रॉयल्टीची रक्कम परवान्याच्या रकमेपुढे जाईपर्यंत आणखी घ्यायचे नाहीत असं ठरवलं, आणि निकाल आला की सगळ्यात आधी ती ओळ शोधत गेलो.