वॉशआउट किती, आणि कुठला?

तीन आठवडे झाले, ४६ हा आकडा डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून टाकते.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर सीटी-एमआरआय रिपोर्ट करते आणि गेली सहा वर्षं जमेल तसा रात्री तासभर एका ऑनलाइन इमेजिंग संदर्भकोशासाठी देते. जगभरातले डॉक्टर मिळून तिथे लेख लिहितात, केसेस टाकतात, आणि कुणीही कुणाचाही लेख सुधारू शकतं. बाहेरच्यांना वाटतं एखादी दुर्मिळ केस सापडली की टाकायची, झालं. टाकणारे भरपूर आहेत, जुने लेख नीट करायला मात्र कुणी पुढे येत नाही, आणि खरी मेहनत तिथेच आहे. म्हणजे बघा, सीटीवर 'डेन्सिटी', एमआरआयवर 'सिग्नल', सोनोग्राफीवर 'एकोजेनिसिटी', पण एमआरआयच्या परिच्छेदात कुणीतरी 'हायपरडेन्स' लिहून गेलेलं असतंच. एका लेखात क्रोन डिसीज, दुसऱ्यात क्रोन्स डिसीज, एकाच आजाराला दोन स्पेलिंगची दोन वेगळी पानं आणि दोन्ही अर्धवट. फुफ्फुसातल्या नोड्यूलच्या (छोट्या गाठीच्या) फॉलोअपसाठी एका पानावर फ्लायश्नर सोसायटीच्या २००५ च्या गाइडलाइनमधले ४ मिलीमीटर, शेजारच्या पानावर २०१७ मधले ६ मिलीमीटर. हे सगळं एका ओळीत आणणं मला मनापासून आवडतं आणि मी ते चांगलं करते असं मला वाटत होतं.

तर त्या दिवशी सकाळी रात्रीचे रिपोर्ट तपासायला बसले. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट, उजव्या वरच्या लोबमध्ये एकच गाठ, ऑपरेशनची तारीख ठरलेली, स्टेजिंगसाठी सीटी झालेला. रेसिडेंटने (शिकाऊ डॉक्टरने) रात्री दोनला प्रोव्हिजनल रिपोर्ट टाकला होता: डाव्या अॅड्रिनलमध्ये (किडनीवरच्या ग्रंथीत) १८ मिलीमीटरचा नोड्यूल, वॉशआउट ४६ टक्के, ६० पेक्षा कमी, मेटास्टॅसिसची शक्यता जास्त. फुफ्फुसाचा कॅन्सर अॅड्रिनलमध्ये पसरला म्हणजे स्टेज थेट चौथी, सगळा बेतच बदलतो. सर्जनने इम्प्रेशन, म्हणजे रिपोर्टच्या शेवटचा निष्कर्ष, वाचून ऑपरेशन थांबवलं होतं आणि बायॉप्सीची चौकशी सुरू केली होती. इम्प्रेशनच्या वरच्या दोन परिच्छेदांत काय लिहिलंय ते किती सर्जन वाचतात हा माझा जुना राग आहे, पण इथे वरतीही तेच लिहिलं होतं, त्यामुळे त्यांना बोलण्यात अर्थ नव्हता.

आता हा वॉशआउट नीट सांगायलाच हवा. अॅड्रिनलमधला साधा अॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) पटकन घेतो आणि पटकन सोडूनही देतो, मेटास्टॅसिस सहसा तो धरून बसतो. मोजायचं ते हाउन्सफील्ड युनिटमध्ये, म्हणजे सीटीवरच्या घनतेच्या मापात, तीन वेळा: कॉन्ट्रास्टच्या आधी, कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण मिनिट-सव्वा मिनिटाने, आणि १५ मिनिटांनी. पहिल्याच प्लेन स्कॅनवर १० किंवा कमी आलं तर गाठीत फॅट भरपूर आहे, अॅडिनोमा, पुढे काही करायलाच नको. त्याच्या वर असेल तर वॉशआउट काढायचा, आणि तो दोन प्रकारचा असतो. अॅब्सोल्यूट म्हणजे किती उतरलं त्याला किती चढलं होतं त्याने भागायचं, त्यासाठी प्लेन स्कॅन लागतोच. रिलेटिव्ह म्हणजे किती उतरलं त्याला कॉन्ट्रास्टनंतरच्या आकड्यानेच भागायचं, प्लेन नसेल तर हाच उपाय. अॅब्सोल्यूटची रेघ ६० टक्के, रिलेटिव्हची ४०.

या पेशंटचा स्कॅन थेट कॉन्ट्रास्ट देऊनच झाला होता. नोड्यूल दिसला टेक्नॉलॉजिस्टला, टेबलावरच, आणि त्याने पेशंटला न उतरवता रेसिडेंटला फोन करून १५ मिनिटांनंतरचा डिले स्कॅनही घेतला. अशी नजर असलेला टेक्नॉलॉजिस्ट मिळणं नशीब आहे, आणि रिपोर्टमध्ये त्याचं नाव कधीच येत नाही. आकडे होते ९६ आणि ५२. ९६ मधून ५२ गेले ४४, भागिले ९६, ४६ टक्के. गणित बरोबर होतं. हा रिलेटिव्ह वॉशआउट होता, ४० च्या वर, म्हणजे अॅडिनोमाच्या बाजूने, आणि रेसिडेंटने तो ६० च्या रेघेला लावला होता.

मी त्याला बोलावून विचारलं, हे ६० कुठून आणलं? तो म्हणाला, "मॅडम, मी वाचूनच लिहिलं," आणि मोबाइलवर पान उघडून माझ्यासमोर धरलं. आमच्याच संदर्भकोशातलं पान, अॅड्रिनल मेटास्टॅसिसचं. त्यात एकच वाक्य होतं: १५ मिनिटांच्या डिलेवर ६० टक्के किंवा जास्त वॉशआउट असल्यास अॅडिनोमा. कुठला वॉशआउट ते नाही. खाली वॉशआउटच्या मुख्य लेखाची लिंक होती, तिथे दोन्ही सूत्रं, दोन्ही आकडे, सगळं व्यवस्थित. पण रात्री दोनला, मागे आठ स्कॅन थांबलेले असताना, दुसरं पान कोण उघडणार? मी त्याला रागावले नाही, रागावण्यासारखं त्याने काही केलंच नव्हतं.

पुढचं थोडक्यात. रिपोर्ट दुरुस्त केला, सर्जनला स्वतः फोन केला, फक्त अॅड्रिनलपुरता प्लेन सीटी करून घेतला. आला २४. सर्जन म्हणाले, १० च्या वर आहे ना मग? मी म्हटलं, हो, फॅट कमी असलेला अॅडिनोमाही असतो, आता अॅब्सोल्यूट काढता येतो: ४४ भागिले ७२, ६१ टक्के. तरी कॅन्सरचा पेशंट म्हणून माझं मन मानत नव्हतं, घरच्यांना जुने स्कॅन शोधायला सांगितले. चार वर्षांपूर्वी पोटाचा सीटी झाला होता त्याची सीडी मुलीने आणून दिली, त्यात तोच नोड्यूल, तेवढाच, १८ मिलीमीटर. ऑपरेशन झालं, आठ दिवस उशिरा. त्या आठ दिवसांत त्या घरात काय चाललं असेल ते मला कळतं.

रेसिडेंटने पान दाखवलं त्याच रात्री त्या पानाची एडिट हिस्टरी उघडली, कुणी लिहिलंय बघू म्हणून. मूळ लेखकाने दोन्ही प्रकार, दोन्ही आकडे लिहिले होते, वाक्य लांबलचक आणि अवघड होतं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ते छाटलं होतं, बदलाची नोंद 'पुनरुक्ती काढली, मुख्य लेखाला लिंक दिली'. ते छाटणारी मी होते.

मी ते निष्काळजीपणाने केलं नव्हतं, आणि त्याचंच जास्त वाटतं. एक माहिती एकाच ठिकाणी ठेवायची, बाकी लेखांतून तिथे लिंक द्यायची, म्हणजे उद्या आकडा बदलला तर एकाच जागी बदलावा लागतो, हे तत्त्व मी स्वतः नव्या लोकांना शिकवते. आजही ते बरोबरच मानते. पण आकडा मागे ठेवला आणि त्याचं नाव काढून टाकलं, हे मला दिसलंच नाही, कारण मला ६० म्हटलं की अॅब्सोल्यूट आपोआप ऐकू येतं.

मग शोध लावून ६० टक्के कुठेकुठे आहे ते काढलं. सात लेख निघाले. चारांत 'अॅब्सोल्यूट' होतं, दोनांत नव्हतं, आणि एकात १० मिनिटांच्या डिलेचा वेगळाच आकडा होता पण डिले किती ते लिहिलेलं नव्हतं. सगळे दुरुस्त केले, आणि किडनी किंवा लिव्हरच्या कॅन्सरच्या मेटास्टॅसिसमध्ये आणि फिओक्रोमोसायटोमातही (अॅड्रिनलचीच दुसरी एक गाठ) असाच वॉशआउट दिसू शकतो हे वाक्य सातही ठिकाणी पूर्ण लिहिलं. त्यावर एका सहसंपादकाने विचारलं, हे परत परत कशाला, लेख पसरट होतायत. त्यांना आकडे लिहून पाठवले, ९६, ५२, ४६. त्यांनी बदल राहू दिला.

आता मी माझ्या त्या छाटणीच्या काळातल्या सगळ्या एडिट्स एकेक करून परत बघतेय, रोज दहा-बारा. काल एक सापडली, फुफ्फुसातल्या नोड्यूलच्या लेखात, १८ ते २४ महिन्यांच्या फॉलोअपचं वाक्य. ते सॉलिड नोड्यूलसाठी असतं, ग्राउंड ग्लास, म्हणजे धूसर दिसणारा, असेल तर पाच वर्षं बघावं लागतं. 'सॉलिड' हा शब्द मी काढला होता. परत घातला.