फायरवॉलचा पत्रा सोडा, मागे काय चिकटवलंय ते सांगा

सध्या गॅरेजमध्ये विमानाच्या फायरवॉलचं काम चालू आहे, म्हणजे इंजिन आणि आपले पाय यांच्या मधला तो पत्रा. इथे टेक्सासमध्ये होमबिल्टवाली, म्हणजे घरीच विमान बांधणारी मंडळी जमली की सगळा वाद पत्रा कुठला घ्यायचा यावर, पण त्याच्या मागे काय लावलंय आणि त्यात भोकं किती पाडलीत हे कोणी विचारतच नाही. माझं तर मत झालंय की पत्रा निवडणं हा सगळ्यात सोपा भाग.

सोपा अशासाठी की ते काम एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याने, कधीच करून ठेवलंय. छोट्या सर्टिफाइड विमानांच्या जुन्या पार्ट 23 नावाच्या नियमावलीत सरळ यादीच होती, स्टेनलेस 0.015 इंच, गंजू नये म्हणून कोटिंग केलेलं माइल्ड स्टील 0.018, मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) 0.018, टायटॅनियम 0.016, यातलं काहीही लावा, वेगळी टेस्ट नको. दुसरं काही वापरायचं तर 2000 फॅरनहाइटची, म्हणजे जवळजवळ 1100 सेल्सिअसची ज्वाळा 15 मिनिटं अडवून दाखवा. आपल्या घरी बांधलेल्या, कागदोपत्री एक्सपेरिमेंटल विमानांना हे बंधनकारक नाही, पण आग काही विमानाचे कागद बघून लागत नाही. आणि 15 मिनिटं जास्त वाटत असतील तर हिशोब करा, 8000 फुटांवरून मिनिटाला 1000 फूट खाली आलात तरी 8 मिनिटं हवेतच जातात, शिवाय उतरायला जागा शोधायची ती वेगळीच.

ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. जीआय पत्रा स्वस्त, वाकवायला सोपा, नियमातही बसतो, फक्त आगीत जस्ताचा धूर होतो. टायटॅनियम लावलं तर चौरस मीटरमागे सव्वा किलोच्या आसपास वजन वाचतं, पण किंमत बघून मी तो टॅब बंद केला. आमच्या किटमध्ये स्टेनलेसच आला. काम करायला मात्र महाकटकट, ड्रिल जोरात फिरवलं की जागा कडक होऊन बसते आणि मग बिट नुसता किंचाळतो, स्पीड कमी, दाब जास्त, कोबाल्टचा बिट आणि थोडं तेल, असं केलं तरच भोक पडतं. कडा कानसून घ्या, नाहीतर हात कापलाच म्हणून समजा.

आता खरा मुद्दा. स्टेनलेस वितळत नाही म्हणजे उष्णता पलीकडे जात नाही असं नाही. 0.38 मिलिमीटर जाडीचा पत्रा तो, एका बाजूने तापला की दुसरी बाजूही लगेच लाल. बरेच जण केबिनच्या बाजूने, पायाला गरम लागू नये आणि आवाज कमी यावा म्हणून, चकचकीत फॉइलवाला फोम गोंदाने चिकटवतात. मी उरलेल्या तुकड्याला तोच फोम चिकटवून पुढून प्रोपेनचा टॉर्च धरून बघितला (अंगणात, शेजारी पाण्याची बादली ठेवून). पत्र्यावर लाल ठिपका नीट दिसायच्या आधीच मागून गोंद बुडबुडायला लागला, मग पिवळट धूर, मग फोम आक्रसून पत्र्यापासून सुटला आणि पेटला. पत्रा शाबूत, भोकबिक काही नाही, नियमाच्या हिशोबाने पास! आणि आत बसलेल्या माणसाचा धुराने जीव गेला असता.

म्हणून इन्सुलेशन लावायचंच तर इंजिनच्या बाजूला. फायबरफ्रॅक्ससारखं सिरॅमिक फायबर, ते 1200 अंशाच्या वर टिकतं, आणि त्यावर पातळ स्टेनलेस फॉइल, कडा चारही बाजूंनी नीट सील केलेल्या. या कडा महत्त्वाच्या, कारण इंजिन तेल गाळणारच, ते त्या फायबरमध्ये मुरलं की समईची वात तयार. कापताना मास्क घाला, ती धूळ फुप्फुसाला वाईट. आमच्या ईएए (घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना) चॅप्टरमधले, म्हणजे स्थानिक शाखेतले एकजण प्लॅन्सवरून लाकडी विमान बांधतायत, त्यांना तर पत्रा आणि प्लायवूडच्या मध्ये हे घालावंच लागतं, आणि काँपोझिटवाल्यांनाही (फायबर आणि इपॉक्सीचं विमान बांधणारे), कारण घरच्या तापमानाला क्युअर केलेलं इपॉक्सी शंभर अंशाच्या बरंच आधीच नरम पडायला लागतं.

मग भोकं. वायरी, थ्रॉटलची केबल, फ्युएल, ब्रेक, हीटर, प्रत्येकाला एक. भोकाच्या कडेला बसवतात तो रबराचा ग्रोमेट आगीत लगेच जातो आणि मग ज्वाळेला थेट वाट मिळते. वायरींसाठी मी स्टीलची नळी लावली, वर फायरस्लीव्ह (आगीत टिकणारं वेष्टन), आणि आत फुगणारं फायर बॅरियर सीलंट. लाल आरटीव्ही सिलिकॉन लाल आहे म्हणून फायरप्रूफ असतं असा एक समज आहे, त्याची मजल फार तर साडेतीनशे अंशाच्या आतच. फिटिंग्ज घेताना रंग बघा, निळी म्हणजे ॲल्युमिनियम, फायरवॉलमधून जाणारी स्टीलचीच हवी.

ईएएचे टेक्निकल काउन्सेलर म्हणून एक आजोबा येतात, फुकट बघून देतात, त्यांनी सगळं सोडून आधी हीटरच्या व्हॉल्व्हवर बोट ठेवलं. ॲल्युमिनियमचा होता, दोन इंचाचं भोक, आणि वितळला की आग थेट पायावर. स्टेनलेसचा मागवलाय, तिप्पट पैसे पडले. केबिनच्या बाजूला आता फक्त पेंट मारणार, काहीही चिकटवणार नाही. आवाज येईल म्हणून बायकोची तक्रार आहे, तिला चांगला हेडसेट घेऊन द्यायचं कबूल केलंय, तो व्हॉल्व्हपेक्षा महाग निघाला.