बर्फावरचा मासा म्हणजे फ्रोझन मासा नव्हे

फ्रोझन माशाला मी कायम नाक मुरडत आले, ताजा तो ताजाच, आणि हे मत बदललं तेही चवीमुळे नाही, एका जंतामुळे!

झालं असं की कच्च्या माशाबद्दल वाचत होते आणि स्पेनमधल्या केसेस समोर आल्या, 2014 चा पेपर आहे. तिथल्या पेशंट्सच्या पोटातून निघालेल्या टेपवर्मचा (पट्टकृमी हो) डीएनए तपासला तर तो निघाला अ‍ॅडेनोसेफॅलस पॅसिफिकस. हा खरं तर सी लायन आणि फर सीलच्या आतड्यात राहणारा गडी, पेरूच्या किनाऱ्यावर तो माणसांतही हजारो वर्षांपासून आहे, प्राचीन अवशेषांत त्याची अंडी सापडलीयेत. पण स्पेनला पॅसिफिक कुठनं आला? संशय गेला बाहेरून आलेल्या माशावर, न गोठवता नुसता बर्फावर ठेवून आणलेल्या. म्हणजे बघा, आपण ज्याला कौतुकाने ताजा म्हणतो त्यातच या जंताची अळी जिवंत राहते, कारण बर्फावर मासा शून्याच्या आसपास असतो आणि तेवढ्या थंडीने तिचं काही बिघडत नाही.

तिला मारायला युरोपचा नियम आहे मासा आतपर्यंत -20 अंशाला 24 तास, अमेरिकेत तर 7 दिवस सांगतात. आणि लिंबाचा रस? सेविचेमध्ये (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा) मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण तो फक्त दिसतो.

बरं, पोटात गेल्यावर फार काही होतंच असं नाही, पोट बिघडतं, दुखतं, कित्येकांना काहीच कळत नाही आणि मग एक दिवस टॉयलेटमध्ये पांढरी फीत दिसते नि घाबरगुंडी उडते (याचे भाऊबंद 10 मीटरपर्यंत वाढतात, कल्पनाही नको). औषध मात्र साधं, प्राझिक्वान्टेल, बहुतेकदा एकच डोस, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. आणि घरच्यांना लागण होईल ही भीती नको, कारण अंड्याला आधी पाण्यात फुटावं लागतं, मग कोपेपॉड नावाच्या इवल्याशा जिवात, मग माशात, तेव्हा कुठे आपला नंबर.

आमचा फ्रीझर -18 च्या खाली जातच नाही, त्यामुळे घरी कच्च्याचे प्रयोग बंद, मासा आतून 63 अंश झाला की मगच ताटात.